फक्त एकदाच

चि. ओंकार,



भाऊबीजेच्या रात्री तू लॅपटॉपची वायर आमच्या टीव्हीला जोडलीस आणि ‘द डार्क नाइट’ लावलास. चौकशीच्या खोलीतला प्रसंग संपताच तिथेच थांबवून मला विचारलंस, “आत्या, तू असतीस तर जोकरला चहा पाजला असतास का गं?” सगळे हसले. दादा तर मांडीवर चिवडा सांडेपर्यंत हसला. मी गप्प राहिले. एक तर माझ्या तोंडात चकली होती. दुसरं म्हणजे प्रश्न मला विचारलास तरी उत्तर तू आधीच ठरवून टाकलं होतंस. आता तू पुण्याला परत गेलास. अभ्यासिकेतल्या त्या खुराड्यात बसून फौजदारकीची परीक्षा देतोयस आणि खोलीवर अजून बॅटमॅनचं पोस्टर आहे असं वहिनी म्हणाली. म्हणून लिहायला बसले. फोनवर तू दोन मिनिटांत “हो गं, हो गं” म्हणून ठेवून देतोस. पत्र निदान उशीखाली तरी राहील.

पुढे जाण्याआधी एक कबूल करते. सिनेमा मला आवडतो. मी तो तुझ्या आधी पाहिलाय, २००८ साली, थिएटरात. जोकर झालेला हीथ लेजर तेव्हा जाऊन सहा महिने झाले होते. पडद्यावरच्या त्या ओघळलेल्या रंगामागे आता कुणीच नाही, हे माहीत असल्यामुळे अंगावर काटा येत होता. पुढच्या वर्षी त्याला ऑस्कर मिळालं, ते घ्यायला त्याचे आईवडील आणि बहीण आले. तेव्हा हे पत्र म्हाताऱ्या आत्याने पोरांच्या सिनेमाला नाक मुरडलंय असं समजू नकोस.

पण ३२ वर्षं मी कोर्टात लघुलेखक होते. कोण काय बोललं ते जसंच्या तसं कागदावर उतरवायचं, हा माझा धंदा. त्यामुळे कोण किती जोरात मारतोय यापेक्षा कोण काय बोललं आणि का बोललं, याकडे माझं लक्ष जातं. त्या खोलीतला प्रसंग तू मारामारी म्हणून पाहिलास. मी जबाब म्हणून पाहिला.

बघ. जोकर हाती लागलाय. हार्वी डेंट हा सरकारी वकील आणि रेचेल ही त्याच्याच कार्यालयातली वकील, दोघं बेपत्ता आहेत. पोलीस अधिकारी गॉर्डन खोलीबाहेर जातो, भक्कन दिवे लागतात आणि जोकरच्या पाठीशी बॅटमॅन उभा. थोड्या वेळाने तो दाराच्या मुठीखाली खुर्ची अडकवतो, काचेपलीकडचे पोलीस आत येऊ नयेत म्हणून. मग डोकं टेबलावर, पाठ भिंतीवर. जोकर मार खातो आणि हसतो. शेवटी, कुणी बसचा नंबर विचारावा आणि आपण सांगावा, इतक्या सहज दोन पत्ते सांगतो. बॅटमॅन रेचेलकडे धावतो, गॉर्डनची माणसं डेंटकडे. पत्ते उलटे दिलेले असतात. बॅटमॅनला डेंट सापडतो, तोही अर्धा जळून निघतो. रेचेल मरते.

माझ्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर आरोपीला जे सांगायचंच होतं तेच त्याने सांगितलं. मारामुळे एवढंच झालं की ते सगळ्यांना खरं वाटलं. तेच दोन पत्ते चहा पाजून मिळाले असते, तर गॉर्डनने आणखी एखादा प्रश्न विचारला असता. निदान दोन्ही ठिकाणी बॉम्बवाली माणसं सारख्याच तयारीने धाडली असती. पण ज्या गोष्टीसाठी आपण घाम गाळला ती खोटी असेल, हे माणसाच्या मनाला पटत नाही. मारून मिळालेल्या माहितीतला मोठा धोका मला हाच वाटतो. ती खोटी असते तेव्हाही मारणाऱ्याला खरी वाटते.

आणि जोकर पळाला कसा, ते पाहिलंस का? तू तेव्हा पाणी आणायला उठला होतास. त्याच्यावर पहारा द्यायला एक जुना पोलीस अधिकारी बसलाय. जोकर त्याला मेलेल्या सहकाऱ्यांवरून डिवचतो. तो चिडतो, मारायच्या तयारीने पुढे होतो. नंतर कॅमेरा जातो तेव्हा त्याच्याच गळ्याला काचेचा तुकडा लागलेला आहे आणि जोकर एक फोन मागतोय. त्या फोनने दुसऱ्या कैद्याच्या पोटात शिवलेला बॉम्ब उडतो. म्हणजे पाचेक मिनिटांच्या अंतराने दोघांचा हात उठला, एकदा बॅटमॅनचा आणि एकदा साध्या पोलिसाचा, आणि दोन्ही वेळा जोकरचंच काम झालं. दिग्दर्शक नोलनने हे इतकं स्वच्छ दाखवलंय, तरी पाहणाऱ्यांपैकी निम्मे लोक थिएटरातून बाहेर पडताना “असंच ठोकायला पाहिजे” म्हणत होते. मी स्वतः ऐकलंय.

त्याच सिनेमात डेंट जोकरच्या एका माणसाच्या डोक्याला पिस्तूल लावतो आणि नाणं उडवत राहतो. बॅटमॅन येऊन सांगतो की हा मनोरुग्णालयातला रोगी आहे, याला काहीच माहीत नाही. हा प्रसंग मात्र कुणाच्या पोस्टरवर येत नाही.

मारलं की माणूस खरं बोलतो, ही समजूत आली कुठून? बरीचशी पडद्यावरूनच. दादा ‘२४’ ही अमेरिकन मालिका बघायचा, आठवतं का? घड्याळ टिकटिकतंय, बॉम्ब फुटायला आलाय, जॅक बाउर कुणाची तरी बोटं मोडतो आणि तो माणूस घडाघडा बोलतो. २००६ च्या नोव्हेंबरात वेस्ट पॉइंट या लष्करी अकादमीचे अधिष्ठाता, ब्रिगेडियर जनरल पॅट्रिक फिनेगन, अनुभवी चौकशी अधिकाऱ्यांना बरोबर घेऊन त्या मालिकेच्या मंडळींना भेटायला गेले होते. छळ करून काम होतं असं दाखवू नका, आमची पोरं ते खरं मानतात, असं त्यांचं सांगणं होतं. लष्करातला जनरल मालिकावाल्यांकडे जाऊन अशी विनंती करतो, यातच सगळं आलं.

त्याच काळात खऱ्या अमेरिकेत काय चाललं होतं, ते नंतर कळलं. ९/११ चा सूत्रधार खालिद शेख मोहम्मद याला सीआयएने आडवं बांधून, तोंडावर कापड टाकून, बुडत असल्याचा जीवघेणा भास होईल असं पाणी ओतलं. १८३ वेळा. पहिल्या शंभरात तो खरं बोलला असता तर पुढच्या ८३ ची गरज का पडावी? २०१४ च्या डिसेंबरात अमेरिकी सिनेटच्या समितीने आपल्या अहवालाचा सारांश जाहीर केला. त्यातला निष्कर्ष असा की या पद्धतींनी कामाची माहिती मिळवणं साधलं नाही.

तू म्हणशील, अमेरिकेचं अमेरिकेपाशी. बरं, मग आपल्या लोकलचं बोलू.

११ जुलै २००६. पश्चिम रेल्वेच्या गाड्यांत, पहिल्या वर्गाच्या डब्यांत, ११ मिनिटांत सात स्फोट. १८० हून अधिक माणसं गेली. संध्याकाळी घरी निघालेली माणसं. २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने १२ जणांना दोषी ठरवलं, त्यांतल्या पाच जणांना फाशी. आणि २१ जुलै २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाने त्या बाराही जणांना निर्दोष सोडलं. एक जण तोवर तुरुंगातच वारला होता. ज्या कबुलीजबाबांवर खटल्याची इमारत उभी होती ते ग्राह्य धरता येत नाहीत, छळ झाल्याचं आरोपींचं म्हणणं डावलता येत नाही, असं न्यायालयाने म्हटलं. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. तिथे या निकालाचा दुसऱ्या खटल्यांत दाखला देण्यावर स्थगिती आली, पण सुटलेल्यांना परत आत घालायला सांगितलं नाही.

मी न्यायाधीश नाही, तेव्हा कोण दोषी आणि कोण निर्दोष हे मी तुला सांगणार नाही. पण एवढं बघ की १९ वर्षं गेली आणि त्या १८० घरांना आपल्या माणसाला कुणी मारलं याचं कोर्टात टिकलेलं उत्तर अजून मिळालेलं नाही. कुणाला बोलतं करायला किती वेळ लागला असेल ते असो. त्या कबुलीचा हिशेब १९ वर्षांनी आला.

तुझ्या अभ्यासक्रमात कलम आहेच. जुना पुरावा कायदा, कलम २५, आता साक्ष्य अधिनियमात कलम २३: पोलिसांपुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध वापरता येत नाही. इंग्रजांनी केलेला नियम आहे हा, आणि इंग्रज काही दयेचे पुतळे नव्हते. पोलीस ठाण्यातली कबुली कशी तयार होते हे त्यांना ठाऊक होतं, एवढंच. मग ही कबुली लोकल स्फोटांच्या खटल्यात आली कशी? मोक्कामुळे. तो कायदा १९९९ चा, मुंबईतल्या टोळ्या मोडायला केलेला. त्यात पोलीस अधीक्षकाच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने घेतलेली कबुली चालते. खंडणीवाल्या भाईंसाठी उघडलेलं दार होतं ते. सात वर्षांत त्याच दारातून बॉम्बस्फोटांचा खटला आत आला.

यावरून मला सिनेमातलं ते दुसरं यंत्र आठवतं. त्यावरच मला तुझ्याशी खरं भांडायचंय.

बॅटमॅनने गोथममधल्या प्रत्येक मोबाइलला कान आणि डोळे बसवलेले असतात. भिंतभर निळे पडदे आणि त्यावर अख्खं शहर. म्हातारा ल्युशियस फॉक्स ते बघतो आणि म्हणतो, हे चूक आहे, एवढी सत्ता एका माणसाच्या हाती नको. एवढ्या वेळेपुरता मी हे चालवतो, पण यंत्र राहिलं तर मी राहणार नाही. जोकर सापडतो. फॉक्स यंत्रात स्वतःचं नाव टाइप करतो आणि ठिणग्या उडवत ते आपलं आपण संपतं. तो हसून चालायला लागतो.

ओंकार, माणूस वटवाघळाचा वेश करून इमारतींवरून उडतो, हे मी मुकाट्याने मान्य केलं. पण काम झाल्यावर यंत्र आपणहून मोडतं, हे मला नाही पचलं. अख्ख्या सिनेमात यापेक्षा मोठी थाप नाही.

हा सिनेमा अमेरिकेत १८ जुलै २००८ ला लागला. बरोबर आठ दिवस आधी, १० जुलैला, राष्ट्राध्यक्ष बुश यांनी एका कायद्यावर सही केली होती. त्यांचं सरकार न्यायालयाची परवानगी न घेता लोकांचं परदेशांशी चाललेलं बोलणं ऐकतंय, हे २००५ च्या डिसेंबरात न्यूयॉर्क टाइम्सने फोडलं होतं. नव्या कायद्याने ते बंद केलं नाही. बरंचसं कायद्यात बसवून टाकलं. ज्या टेलिफोन कंपन्यांनी त्यात हात दिला होता त्यांच्यावरचे खटलेही निकालात निघतील अशी सोय केली. खऱ्या जगातल्या फॉक्सला राजीनाम्याची धमकी द्यावी लागली नाही, त्याला संरक्षण मिळालं. त्याच महिन्यात अँड्र्यू क्लॅव्हन या लेखकाने वॉल स्ट्रीट जर्नलमध्ये लेख लिहिला. बॅटमॅनमध्ये त्याला बुश दिसले आणि त्याने दोघांचीही पाठ थोपटली. तुला वाटतं मीच सिनेमात नको ते बघते, पण लोकांनी तेव्हाच बघितलं होतं.

आपल्याकडे बघ. टाडा आला १९८५ मध्ये, दोन वर्षांसाठी. मुदत वाढत वाढत १९९५ पर्यंत राहिला. गेला म्हणावं, तर त्याखालचे जुने खटले चालूच. १९९३ च्या मुंबई स्फोटांचा टाडा न्यायालयातला मुख्य खटला २००७ पर्यंत चालला. पोटा २००२ मध्ये आला, २००४ मध्ये रद्द झाला. त्याच वर्षी त्यातली बरीच कलमं यूएपीए नावाच्या जुन्या कायद्यात जाऊन बसली. २६/११ नंतर महिन्याभरात त्यात आणखी भर पडली. आता आरोपपत्राशिवाय १८० दिवस आत ठेवता येतं. ३२ वर्षांत तात्पुरता म्हणून आलेला एकही कायदा ठिणग्या उडवत संपलेला मी पाहिला नाही. फार तर फाइलचं कव्हर बदलतं.

फोन ऐकूच नयेत असं मी म्हणतेय, असं मात्र धरू नकोस. २६/११ च्या त्या रात्रींत ताज, ओबेरॉय आणि नरिमन हाउसमधल्या हल्लेखोरांचं पाकिस्तानातल्या म्होरक्यांशी चाललेलं बोलणं आपल्या पोलिसांनी ऐकलंच. ठरावीक नंबर हाती लागले, तेवढे ऐकले, नोंदवले, आणि ती ध्वनिमुद्रणं पुढे न्यायालयात पुरावा म्हणून उभी राहिली. संशयिताचा फोन ऐकणं वेगळं आणि संशयित सापडेल म्हणून सगळ्या गावाचा फोन ऐकणं वेगळं. चोर पकडायला आळीतल्या सगळ्या घरांच्या किल्ल्या कुणी आपल्या कमरेला लावून फिरत नाही.

तुझ्या यादीतले बाकीचेही पाहिले मी, रविवारी दुपारी, धुणं वाळत घालून झाल्यावर. ‘विंटर सोल्जर’ मला तुझ्या बॅटमॅनपेक्षा प्रामाणिक वाटला. स्नोडेनने अमेरिकेची पाळत उघड केली २०१३ मध्ये, आणि हा सिनेमा आला त्यानंतर वर्षभराच्या आत. तीन अजस्र जहाजं आकाशात उडवायची आणि उद्या कोण गुन्हा करील ते गणिताने ठरवून आजच त्याला मारायचं. ते गणित बँकेची खाती बघतं, ईमेल बघतं, शाळेतले गुणसुद्धा बघतं. तुझे दहावीचे भूमितीचे गुण आठवून मला काळजी वाटली. पण तिथे यंत्र आपणहून मोडत नाही. कॅप्टन अमेरिकाला जीव धोक्यात घालून ते पाडावं लागतं आणि ज्या संस्थेने ते बांधलं तीही बरोबर कोसळते. हे मला जगाच्या जास्त जवळचं वाटलं.

‘आयर्न मॅन ३’ मध्ये तर मी उडालेच. जगाला धमक्या देणारा तो दाढीवाला मँडरिन शेवटी भाड्याने आणलेला दारुडा नट निघतो. मागे उद्योगपती बसलाय, त्याला युद्ध चालू राहायला हवंय. आणि तो नट झालाय कोण, तर बेन किंग्जले! १९८२ मध्ये आम्ही सगळं बिऱ्हाड ज्याला गांधी म्हणून पाहायला गेलो होतो, तोच. तुझी आजी त्याला पडद्यावर नमस्कार करत होती.

‘बॅटमॅन व्हर्सेस सुपरमॅन’ मात्र अर्ध्यात बंद करणार होते. तेवढ्यात बॅटमॅन म्हणाला की हा परका आपला शत्रू असण्याची एक टक्का जरी शक्यता असेल, तरी ती शंभर टक्के धरून चालायला हवं. हे वाक्य सिनेमावाल्यांच्या डोक्यातलं नव्हे. अमेरिकेचे उपाध्यक्ष डिक चेनी यांनी ९/११ नंतर धरलेलं हेच धोरण, त्यावर रॉन सस्किंड या पत्रकाराने २००६ मध्ये पुस्तक लिहिलं. आमच्या कोर्टात मी उलटी शिकवण ऐकली. तिथे ९९ टक्के खात्री असली आणि उरलेल्या एका टक्क्याला काही आधार असला, तर तो एक टक्का आरोपीचा असतो. संशयाचा फायदा. चेनींनी तो एक टक्का आरोपीच्या खिशातून काढून सरकारच्या खिशात घातला.

आणि ‘डार्क नाइट’मधल्या हाँगकाँगचं काय? तो लाऊ नावाचा हिशेबनीस तिथून परत देता येत नाही म्हणून बॅटमॅन त्याला विमानाने उचलून आणतो आणि पोलीस ठाण्यापुढे बांधून टाकतो. तू शिटी वाजवलीस. २००२ च्या सप्टेंबरात माहेर अरार या कॅनडाच्या अभियंत्याला न्यूयॉर्कच्या विमानतळावर असंच धरलं आणि तो जन्मला होता त्या सीरियाला पाठवून दिलं. तिथल्या तुरुंगात त्याचे हाल झाले. त्याच्याविरुद्ध काहीच नव्हतं. कॅनडाने चौकशी केली, २००७ मध्ये माफी मागितली आणि एक कोटी डॉलरहून जास्त भरपाई दिली. फरक एवढाच की पटकथाकाराला लाऊ दोषी असल्याचं माहीत होतं. फौजदाराला पटकथा कुणी वाचायला देत नाही.

या सिनेमांतल्या दहशतवाद्याला काही मागायचंच नसतं, हीसुद्धा एक सोयच. बॅटमॅनचा नोकर आल्फ्रेड ब्रह्मदेशातल्या लुटारूची गोष्ट सांगतो, त्याला काहीच नको होतं, फक्त जग जळताना बघायचं होतं. मग तुम्ही त्याला पकडलं कसं, तर जंगल जाळून. त्या जंगलात कोण राहत होतं, हे आल्फ्रेड सांगत नाही आणि बॅटमॅन विचारतही नाही. खऱ्या दहशतवादाला मागणी असते, पैसा असतो, भरती असते, फोनवर हुकूम सोडणारा असतो. जोकरला भूतकाळ नाही, म्हणून त्याच्यावर खटला चालवायची गरजच पडत नाही. कसाबला भूतकाळ होता. तो जिवंत हाती लागला तो तुकाराम ओंबळे यांनी अंगावर गोळ्या झेलत त्याची बंदूक सोडली नाही म्हणून, हे तुला पाठ आहे. त्याच्या पुढचं मात्र तुला माहीत नसतं, कारण पुढचं कंटाळवाणं आहे. अकरा हजारांहून अधिक पानांचं आरोपपत्र. त्या रात्री सीएसटीवर पायात गोळी लागलेली लहान मुलगी कुबड्या घेऊन साक्षीला आलेली. आरोपीला सरकारी खर्चाने वकील. विशेष न्यायालय, उच्च न्यायालय, सर्वोच्च न्यायालय, दयेचा अर्ज, आणि मग २१ नोव्हेंबर २०१२ ला येरवड्यात फाशी. त्याच खटल्यात, शहराचा संताप तसाच असताना, दोन सहआरोपी पुराव्याअभावी सुटले आणि वरच्या दोन्ही न्यायालयांनी ते सुटणं कायम ठेवलं. माझ्या लेखी त्या खटल्याचं मोठेपण त्या दोघांच्या सुटण्यात आहे.

त्यातही एक डाग राहिला. कसाब बिर्याणी मागतो, ही गोष्ट गावभर झाली होती ना? ती आपण रचली होती, कसाबविषयी सहानुभूतीची लाट उठायला लागली म्हणून, असं विशेष सरकारी वकील उज्ज्वल निकम यांनीच २०१५ मध्ये सांगितलं. ‘डार्क नाइट’चा शेवट आठव. डेंट शेवटी खुनी झाला होता, पण लोकांचा धीर खचू नये म्हणून गॉर्डन आणि बॅटमॅन त्याला हुतात्मा करतात. पुढच्या सिनेमात त्या थापेवर डेंटच्या नावाचा कायदा उभा आहे आणि हजारभर कैदी पॅरोलशिवाय सडतायत. आपल्याकडची थाप त्या मानाने किरकोळ. तरी आजही कुठल्याही लग्नाच्या पंगतीत न्यायालयाचा विषय काढ, कुणीतरी बिर्याणीवर येतोच.

आता तुझ्या चहाकडे येते. सिनेमातल्या दोन बोटी आठवतात? एकीत कैदी, दुसरीत साधी माणसं, आणि प्रत्येकीकडे दुसरी उडवायचं, किल्ली फिरवून चालणारं बटण. साध्या माणसांच्या बोटीवर चिठ्ठ्या टाकून मतदान होतं आणि बहुमत निघतं समोरची बोट उडवायची. पण मग किल्ली फिरवायची कुणी? जो सर्वांत जोरात बोलत होता तो उठतो, किल्ली हातात घेतो आणि परत ठेवून देतो. तिकडे एक धिप्पाड कैदी बटण मागून घेतो आणि खिडकीतून पाण्यात फेकतो. सगळ्यांना हा प्रसंग माणुसकीचा विजय वाटतो. मला तो मतदानाचा वाटतो. “ठोकायला पाहिजे” म्हणणारे आम्ही सगळे चिठ्ठ्या टाकणारे. दादा, मी, थिएटरातली ती माणसं. चिठ्ठीवर सही नसते. किल्लीला हात लागतो, आणि आमच्यासाठी लागणारा तो हात उद्या तुझा असेल.

एक गोष्ट दादालाही कधी सांगितलेली नाही. मी तेव्हा दंडाधिकाऱ्यांच्या कोर्टात नवीन होते. सकाळी पहिली रिमांडची गर्दी. आरोपीला उभं केलं की साहेब विचारायचे, “पोलिसांविरुद्ध काही तक्रार?” तो म्हणायचा, “नाही.” मी लिहायचे, पोलिसांविरुद्ध तक्रार नाही. दिवसातून पंधरा-वीस वेळा. शॉर्टहँडमध्ये त्या वाक्याची खूण मी स्वतः बनवली होती, एक छोटा आकडा आणि त्याला शेपूट. एका सकाळी एक मुलगा आला, वय तुझ्याएवढं, सायकलचोरीचा संशय. साहेबांनी विचारलं. त्याने आधी मागे उभ्या असलेल्या हवालदाराकडे पाहिलं आणि म्हणाला, “नाही साहेब.” साहेबांची मान पुढच्या कागदात होती. माझं टेबल खाली, आरोपीच्या हाताच्या उंचीवर. वकीलपत्रावर सही करायला त्याला पेन दिलं, ते त्याला धरता येईना. दोन बोटं वांग्यासारखी झाली होती. वकिलाने पेन घेतलं आणि त्याचा डावा अंगठा शाईच्या पॅडवर टेकवला.

मला दिसलं, आणि मला दिसलं हे त्यालाही दिसलं. मी आकडा काढला, त्याला शेपूट दिली. दुपारी ते टाइप केलं. पोलिसांविरुद्ध तक्रार नाही. बोर्डावर अजून २१ मॅटर होती.

चकल्या मऊ पडल्या असतील तर तव्यावर जरा गरम करून घे. धावण्याचे बूट दादाने कुरियरने पाठवलेत, पोचले की कळव.

तुझी,
आत्या